पूतनेनं आधी बाळ खाली ठेवलं

आमच्या गावच्या सोंगी भजनात पूतनेचं सोंग मावशीकडंच असायचं. गाव खानापूर तालुक्यातलं, घाटमाथ्याच्या अलीकडचं. भाताची मळणी आटपली की देवळासमोर मांडव पडायचा. रात्रीची जेवणं उरकून लोक घोंगडी घेऊन यायचे आणि कृष्णजन्मापासून कंसवधापर्यंतचा खेळ कोंबडं आरवेपर्यंत चालायचा. कृष्णाच्या सोंगासाठी पोरांत भांडणं लागायची, पेंद्यासाठी तर जास्तच. पूतनेसाठी कधी लागली नाहीत. ते सोंग मावशीचं, हे गावानं न बोलता ठरवून टाकलेलं होतं.

मावशी म्हणजे आमच्या गावची जोगतीण, यल्लम्मा देवीला सोडलेली. जन्माला आली ती मुलगा म्हणून. बाराव्या-तेराव्या वर्षी केसांत जट धरली. घरच्यांनी सौंदत्तीच्या डोंगरावर नेलं, जोगुळबावीत आंघोळ घातली, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं. तिथून पुढं तिचं आयुष्य हिरवं लुगडं, परडी, चौंडकं नावाचं तंतुवाद्य आणि डोक्यावरचा 'जग', म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, एवढ्यात मावलं. खेळाच्या दिवशी ती दुपारीच देवळामागच्या पडवीत येऊन बसायची. कोनाड्यात फुटक्या आरशाचा तुकडा, हातात चिमटा. हनुवटीवरचा एकेक केस उपटताना डोळ्यांतून पाणी यायचं, पण हात थांबायचा नाही. मग सफेदा, काजळ, गालांना आणि ओठांना कुंकू. शेवटी दोन करवंट्या चिंधीनं छातीशी आवळून बांधायची. त्या करवंट्या बघून आम्ही पोरं खिदळायचो. ती आमच्याकडं बघायचीसुद्धा नाही.

कृष्णजन्माच्या प्रवेशात देवकीच्या मांडीवर गावातलं खरं तान्हं बाळ ठेवत. आया हौसेनं देत. पूतनेचा प्रवेश आला की ते बाळ आईकडं परत जाई आणि देवळाच्या पाळण्यातला लाकडी बाळकृष्ण बाहेर निघे. मावशीच्या हातात आपलं मूल द्यायला एकही आई तयार नसे. याच आया दर मंगळवारी पोरांना घेऊन तिच्या दारात उभ्या असत. पोराची किरकिर थांबावी म्हणून तिच्या पायावर घालत, तिच्या हातून कपाळाला भंडारा लावून घेत.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. त्या वर्षी गॅसबत्तीच्या अगदी शेजारी, पुढच्या रांगेत बसलो होतो. पूतनेनं बाळ छातीशी धरलं, कृष्णानं प्राण शोषायला सुरुवात केली, मृदंग चढला, मावशीनं किंकाळी फोडली. मास्तरांनी शिकवलं होतं ते असं, की पूतनेनं बाळासकट धाडकन पडायचं आणि बाळ तिच्या छातीवर खेळत राहायचं. पुराणात तसंच आहे. मावशी गुडघ्यांवर आली. तिनं ते लाकडी बाळ हलक्या हातानं शेजारच्या घोंगडीवर ठेवलं, त्याची मान सरळ केली आणि मग पडली. लोक हसले. खेळ संपल्यावर मास्तर तिच्यावर उखडले. करवंट्यांची गाठ सोडत ती म्हणाली, "लाकडाचं असलं म्हणून काय झालं, मास्तर? डोस्कं आपटलं असतं की त्याचं."

जोगत्यांबद्दल आज जे काही बोललं जातं, लिहिलं जातं, त्यात बाळाची मान सरळ करणाऱ्या या माणसाला जागा सापडत नाही, म्हणून मी हा लेख लिहितो आहे. एका बाजूला म्हणतात, चौंडकं मरतं आहे, जोगतीनाच मरतो आहे, ही आपली लोककला वाचवा. दुसऱ्या बाजूला म्हणतात, हा अघोरी प्रकार आहे, मुळासकट उपटा. पहिल्यांना जोगत्याच्या अंगात फक्त देवी दिसते, दुसऱ्यांना फक्त रोग दिसतो. माझं म्हणणं असं आहे, की या माणसांची कला आणि या माणसांचं जगणं यांच्यात मारलेली गाठ आता सोडायला हवी. चौंडकं शिकायला देवाला सोडलेलं असण्याची अट नको, आणि देवाला सोडलेल्या माणसाला पोटासाठी चौंडकं वाजवण्यावाचून दुसरा मार्ग नाही, असंही नको.

आधी भाषेबद्दल बोलतो, कारण आपल्या भाषेनं हा गुंता आपल्याहून आधी ओळखला आहे. वरवरच्या मायेला आपण पूतनामावशीचं प्रेम म्हणतो. 'माय मरो पण मावशी जगो' हेही आपणच म्हणतो. तमाशाच्या गवळणीत लुगडं नेसून येणारा पुरुष मावशी असतो. रस्त्यात हिजडा दिसला की धीट माणूसही आवाज खाली करून "मावशी" म्हणतो. आईच्या सख्ख्या बहिणीला, बाळाला विष पाजायला आलेल्या राक्षसिणीला आणि बाई-पुरुषाच्या मधल्या माणसाला मराठीनं एकच नातं लावलं. यात चेष्टा आहे, भीतीही आहे, पण नातं तुटू न देण्याची एक खूणही आहे. भागवताच्या दशम स्कंधात पूतना मरते तेव्हा तिच्या चितेच्या धुराला अगरूचा वास येतो आणि तिला आईची गती मिळते. आली होती मारायला, पण बाळाला छातीशी धरलं ना! पुराणकारानं तेवढंही हिशेबात धरलं.

आमच्या बेळगावकडच्या बोलीत आणखी एक गोष्ट आहे. आमच्याकडं बायकाही "मी येतो", "मी जातो" म्हणतात. पुण्याकडचे पाहुणे हसतात, पण आमच्या आज्या-आया असंच बोलल्या. आणि शेजारच्या कन्नडात तर 'मी येतो' आणि 'मी येते' यांना क्रियापद एकच. त्यामुळं मावशी स्वतःबद्दल काही सांगायला लागली की तिच्या वाक्यातून ती बाई की पुरुष हे कळतच नसे. आणि खरं सांगतो, आम्हाला ते कळायची गरजही कधी पडली नाही. दोन भाषांच्या मधल्या या पट्ट्यात बोलीनं तिला जेवढी मोकळीक दिली, तेवढी माणसांनी दिली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

आता देवीबद्दल. यल्लम्मा म्हणजे रेणुका, जमदग्नीची बायको. रोज मलप्रभेच्या वाळूचा ताजा घडा करायचा, सापाची चुंबळ करायची आणि नवऱ्याच्या पूजेला पाणी आणायचं, हा तिचा नेम. एक दिवस जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वाकडं तिचं लक्ष गेलं आणि वाळूचा घडा होईना. जमदग्नीनं पोरांना सांगितलं, हिचं डोकं उडवा. महाभारतात त्या पोरांची नावं आहेत. रुमण्वान, सुषेण, वसु, विश्वावसु. चौघांनीही आईवर हात उचलला नाही. बापानं शाप दिला आणि ते जड झाले, पशुपक्ष्यांसारखे बेभान झाले. पाचव्यानं परशू उचलला. तो परशुराम, विष्णूचा अवतार. पुढं त्यानंच वर मागून आईला आणि भावांना पूर्ववत करून घेतलं, हे खरं. पण जोगत्यांमध्ये हीच कथा सांगतात तेव्हा एक फरक असतो. आईला मारायला नकार देणारे ते चौघे नपुंसक होतात, आणि जोगते आपली वंशावळ त्यांच्याशी जोडतात.

ही कथा मी पहिल्यांदा मावशीच्या तोंडून ऐकली तेव्हा ती मला नुसती देवीची गोष्ट वाटली. आता वाटतं, माणूस कुणाला म्हणायचं आणि राक्षस कुणाला, याचा यापेक्षा कठीण प्रश्न आपल्या परंपरेत क्वचितच विचारला गेला असेल. ज्यांचं काळीज आईवर शस्त्र चालवायला धजलं नाही, त्यांना 'तुम्ही पुरुष नाही' म्हणून शाप मिळाला. त्या शापालाच जोगत्यांनी आपलं कुळ मानलं. मार्गशीर्षी पुनवेला, जिला आपण रांडव पुनव म्हणतो, डोंगरावर देवीसाठी बांगड्या फुटतात. माघातल्या भरत पुनवेला कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि आपल्या सीमाभागातून गाड्यांच्या रांगा लागतात, "उदं गं आई उदं" नं डोंगर भरून जातो. त्या गर्दीतल्या प्रत्येकाला जोगत्याचा जग हवा असतो. त्याच्या डोक्यावरची देवी हवी असते. देवीच्या खालचं डोकं नको असतं.

सरकारदरबारीही या माणसाची नोंद आधी राक्षस म्हणूनच झाली. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक अख्खा भाग 'नपुंसकां'साठी होता. त्यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेला माणूस बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला, लोकांसमोर नाचला किंवा वाजवायला बसला, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे ज्याला आपण आज लोककला म्हणून जतन करायला निघालो आहोत, तोच गुन्हा होता. तो कायदा गेला, पण ती नजर राहिली. २०११ साली कर्नाटक पोलीस कायद्यात ३६ अ हे कलम घातलं गेलं आणि त्यात पुन्हा तीच भाषा होती, यांची यादी ठेवा, यांच्यावर लक्ष ठेवा. एकशे चाळीस वर्षांनी! पुढं हे कलम न्यायालयात नेल्यावर त्यातला 'नपुंसक' हा शब्द बदलला.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी ओळखीला मान्यता देणारा निकाल दिला. त्यात यल्लम्माच्या जोगत्यांचा, जोगप्पांचा उल्लेख आहे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्या जोडीला 'जोगता' हा शब्द जसाच्या तसा आला. आपल्या बोलीतला, आपल्या डोंगरावरचा शब्द देशाच्या कायद्यात गेला, याचा मला अभिमान वाटतो. २०२१ मध्ये कर्नाटकानं सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का आरक्षण दिलं, आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. हे सगळं मोलाचं आहे. पण जोगत्याला नोकरीच्या अर्जापर्यंत पोचायचं तर आधी शाळा पूर्ण व्हायला हवी. जट आल्यावर ज्या पोराची शाळा सुटली, त्याच्यापर्यंत हा एक टक्का कसा पोचणार?

रंगमंचावर आपण इतके अनुदार नव्हतो. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी काढलेल्या किर्लोस्कर मंडळीतच पुढं नारायण श्रीपाद राजहंस आले आणि बालगंधर्व झाले. त्यांनी नेसलेला शालू बघून घरंदाज बायका आपलं नेसणं बदलत. पुरुषानं लुगडं नेसल्यानं मराठी समाज बिघडेल, अशी भीती तेव्हा कुणाला वाटली नाही, कारण नाटक संपलं की लुगडं उतरतं याची खात्री होती. मावशीचं लुगडं उतरत नाही. आपली अडचण नेमकी तिथं आहे. वेषाला आपण दाद देतो. वेष नसून ते त्या माणसाचं खरं रूप आहे म्हटलं, की त्याच दादेची शिवी होते. पूतनेच्या गोष्टीत राक्षसीण सुंदर बाईच्या रूपात लपून येते. आमच्या देवळामागच्या पडवीत मात्र उलट घडत होतं. एक साधी बाई राक्षसिणीच्या सोंगात लपली होती, कारण वर्षातून एकदा चारचौघांत नटूनथटून उभं राहायला तिला तेवढीच जागा दिलेली होती.

परंपरा टिकवा म्हणणाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. तुमच्या घरातल्या पोराला जट आली तर त्याला डोंगरावर नेऊन सोडाल का? उत्तर नाही असेल, तर दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर परंपरा टिकवण्याचा हक्क आपल्याला नाही. सोडलेली पोरं कुठल्या वस्तीतली असतात, हे आपल्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. गडहिंग्लजला १९७५ साली देवदासींची परिषद भरली आणि निपाणीतल्या चळवळीनं तो धागा पुढं नेला, तेव्हा उभ्या राहिलेल्या बायका बहुतेक दलित घरांतल्याच होत्या. १९८२ च्या कर्नाटकातल्या बंदीच्या कायद्यामागं त्या साऱ्या भागातल्या बायकांचं सोसणं आहे. पण त्या कायद्यानं देवदासी म्हणजे देवाला वाहिलेली स्त्री, अशी व्याख्या केली. देवाला सोडलेला मुलगा व्याख्येबाहेर राहिला. मुलीच्या गळ्यात मोती बांधले तर गुन्हा, मुलाच्या गळ्यात बांधले तर त्याबद्दल तो कायदा गप्प. अठरा वर्षांखालच्या कुठल्याही लेकराला देवाला सोडणं बंद झालं पाहिजे, मुलगा असो की मुलगी. यावर मला तडजोड मान्य नाही.

सुधारणा करा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण वेगळं आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्यांचा मी लहानपणापासून आदर करतो. पण जट कापली, दर्शन तोडलं, म्हणजे माणूस मोकळा झाला, असं त्यांना वाटतं. मावशीच्या आईबापाचा विचार करा. पोरगं बहिणीची ओढणी घेऊन आरशासमोर बसतं, गोठ्यात एकटंच गाणी म्हणतं, पोरांत खेळायला जात नाही. हे सांगायला त्यांच्याकडं शब्द नव्हता. डॉक्टरकडं न्यायची ऐपत नव्हती, आणि नेलं असतं तरी त्या काळी डॉक्टरनं काय सांगितलं असतं? "देवीचं आलंय" हा एकच शब्द त्यांच्याजवळ होता. तो उच्चारला आणि ज्या पोराला गावानं दगड मारले असते, त्याच्या पाया पडायला गाव लागलं. देवी हा त्या घराला सापडलेला एकुलता एक दरवाजा होता. त्यातून आत गेल्यावर शाळा गेली, वाटणी गेली, जोगवा मागून खाणं नशिबी आलं, हे सगळं खरं. पण तो दरवाजा बंद करायचा असेल तर आधी भिंतीला दुसरा पाडून द्या. गावातल्या शाळेतल्या शिक्षकाला अशा पोराशी कसं बोलावं हे माहीत असलं पाहिजे. आशा कार्यकर्तीला माहीत असलं पाहिजे. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात ठेवायचं की पुरुषांच्या, यावर पेशंटला व्हरांड्यात ताटकळत ठेवणं थांबलं पाहिजे. एवढं झाल्यावर अठरा वर्षांवरच्या एखाद्याला देवीच्याच सेवेत राहायचं असेल, तर राहू दे. तो त्याचा धर्म आहे, आणि तो त्यानं निवडलेला असेल.

दोन पद्मश्रींची आठवण इथं होते. २०१८ साली याच जिल्ह्यातल्या सीताव्वा जोडट्टी यांना देवदासींच्या पुनर्वसनाच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. त्या स्वतः लहानपणी देवीला सोडलेल्या. २०२१ ची पद्मश्री बळ्ळारीकडच्या तृतीयपंथी कलावंत मंजम्मा जोगती यांना मिळाली, जोगती नृत्याच्या कलेसाठी. त्याआधी २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या होत्या. एका बाईचा गौरव ती प्रथा मोडून काढण्यासाठी झाला, दुसरीचा त्याच प्रथेतून आलेली कला मोठी करण्यासाठी. कुणाला यात विसंगती दिसेल. मला दिसत नाही. सीताव्वांचं काम झालं तरच मंजम्मांची कला भीक न राहता कला होते. आणि मंजम्मांसारखी माणसं मंचावर ताठ उभी राहिली तरच बंदीचा अर्थ 'यांना हाकला' असा लोक काढणार नाहीत. या दोन्ही गोष्टी एकदम करायच्या आहेत. सरकार मात्र त्या दोन वेगळ्या खात्यांत ठेवतं आणि आपण दोन वेगळ्या सभांत.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगताना मला त्रास होतो. मावशीचा एक चेला बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला लागला. कामावर तो पँट-शर्टात असायचा, मफलर गुंडाळून जट झाकायचा, आणि सोबतचे त्याला पुरुषाच्या नावानं हाक मारायचे. पुनवेला रजा टाकून डोंगरावर जायचा, लुगडं नेसायचा, आणि तिथं ती व्हायची. डोक्यावर जग घेऊन, हात न लावता, मान स्थिर ठेवून ती नाचायला लागली की चौंडकं वाजवणाऱ्याची बोटं दुखायची, पण तिचा ठेका चुकायचा नाही. कारखान्यात कुणालाही हे माहीत नव्हतं.

त्याला खोली हवी होती. मी वडगावात ओळखीनं एक खोली बघितली. घरमालकीण मोठी भाविक, देव्हाऱ्यात यल्लम्मा, घरात वर्षानुवर्षं परडी भरण्याचा नेम. तिनं विचारलं, कोण? मी म्हणालो, "माझा मामेभाऊ आहे, फाउंड्रीत आहे." आणि बाहेर येऊन त्याला बजावलं, मफलर काढू नको, इथं कुणाला काही सांगू नको. मला वाटलं, मी त्याची सोय केली. भरत पुनवेनंतर कुणाच्या तरी फोनवर डोंगरावरचा व्हिडिओ आला आणि तो घरमालकिणीनं पाहिला. त्या रात्री ती खोलीच्या दारात आली. तिनं त्याच्यासमोर हात जोडले, वाकून पायांना हात लावला, म्हणाली, "आई, माफ कर. आमच्या घरात नाही चालायचं." आणि ट्रंक उचलून रस्त्यावर ठेवली.

ती बाई दुष्ट नव्हती. नमस्कार मनापासूनचा होता, ट्रंक बाहेर ठेवणंही मनापासूनचं होतं. तिच्या जगात देवीला देव्हाऱ्यात जागा होती, भाडेकरूच्या खोलीत नव्हती. पण त्या रात्री ट्रंकेशेजारी उभा राहून तो मला जे म्हणाला, ते घरमालकिणीबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल होतं. "दादा, तिनं मला बाहेर काढलं ते आज. तू मला लपवलंस ते पहिल्या दिवशी." मी त्याला आधीच ती जागा दिली होती, जी गावानं मावशीला दिली. सोंगाआडची. खोली देताना खरं सांगून नकार ऐकला असता, चार घरं फिरलो असतो, तर कदाचित पाचव्या घरी कुणी हो म्हणालं असतं. त्या पाचव्या घराचा शोध मी घेतलाच नाही.

सीमाभागातल्या मराठी माणसांना मी हे मुद्दाम सांगतो आहे. १९५६ ला आपला भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासून आपण एक गोष्ट अंगावर बाळगून आहोत. एसटी स्टँडवर, कचेरीत, कधी कधी दुकानातही, तोंड उघडण्याआधी आजूबाजूला कोण आहे हे आपण बघतो. आपली ओळख कुठं उघड करायची आणि कुठं झाकायची, याचा हिशेब आपल्या पोरांना शिकवावा लागत नाही, तो त्यांना आपोआप येतो. भाषिक अल्पसंख्याक म्हणून आपल्या भाषेतून कागद मिळावेत, आपल्या भाषेतून शाळा असावी, आपल्याला कमी लेखू नये, ही मागणी आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. ती न्याय्य आहे, मी स्वतः तिच्यासाठी रस्त्यावर बसलो आहे. पण झाकून राहण्याचं दुःख ज्याला माहीत आहे, त्याच्या दारातून जोगत्याची ट्रंक बाहेर पडत असेल, तर आपल्या मागणीचा आवाज आपल्यालाच पोकळ वाटायला हवा. मराठी जोगता या भागात अल्पसंख्याकांतला अल्पसंख्याक आहे. कचेरीत त्याची भाषा वेगळी, वस्तीत त्याची देहबोली वेगळी. आपल्या मंडळांनी, आपल्या वाचनालयांनी, आपल्या युवक संघटनांनी अशा माणसासोबत तृतीयपंथी ओळखीच्या प्रमाणपत्राच्या अर्जासाठी जिल्हाधिकारी कचेरीत जायला एक माणूस तरी द्यावा. हे सरकारवर सोपवण्याचं काम नाही.

कलेबद्दलही एक काम आपल्या हातातलं आहे. गावोगावच्या शाळांच्या संमेलनात लेझीम असतं, पोवाडा असतो. चौंडकं का नसतं? तुणतुण्याच्या तारेवर आणि चौंडक्याच्या आतड्याच्या तारेवर बसणारा हात शिकवायला आपल्या गावात म्हातारे जोगते आहेत. त्यांना गुरुजी म्हणून बोलवा, मानधन द्या, शाळेच्या खुर्चीवर बसवा. पोरांना ठेका शिकू दे, कवनं शिकू दे. त्यासाठी कुणाच्या गळ्यात मणी बांधायची गरज नाही. एखाद्या पोराला त्या वर्गात आपल्यासारखं माणूस पहिल्यांदाच गुरुजीच्या खुर्चीवर दिसलं, तर त्याला पुढं जट येण्याची वाट बघावी लागणार नाही.

मावशी आता थकली आहे. गुडघे गेलेत, जग डोक्यावर पेलत नाही, भजनाचा खेळही गावात अधूनमधूनच होतो. म्हाताऱ्या कलावंतांना मिळणाऱ्या मासाशनासाठी तिचा अर्ज करायचा म्हणून मी गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. अर्ज कन्नडात, ती मराठीत सांगणार, मी लिहिणार. नाव विचारलं तेव्हा तिनं दोन नावं सांगितली आणि म्हणाली, "दोन्ही लिही, जागा असंल तर." कला या रकान्यात चौंडकं, जोगतीनाच, सोंगी भजन लिहिलं. कोणकोणत्या भूमिका केल्या, हे विचारायची वेळ आली तेव्हा मी थोडा थांबलो. तपासणारा साहेब कोण असेल, वाचून काय समजेल, असा विचार माझ्या मनात आला. मी तिला म्हणालो, "मावशी, पुराणातल्या स्त्री-भूमिका, एवढंच लिहू का?"

तिनं चष्मा वर केला आणि अर्जाच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पूतना लिही," ती म्हणाली. "चाळीस वर्षं केलीया. आणि एकदाबी बाळ हातातनं पडू दिलं न्हाई, ते बी लिही."